रिसोर्स ग्रुप बदलला, तरी ॲप जागचं हललं नाही. आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ॲझ्युअर ॲप सर्व्हिसवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधली वेब ॲप चालवायची सेवा), ईस्ट यूएस रिजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरमध्ये, एक वेब ॲप चालू आहे आणि त्याच्यासोबत ॲझ्युअर एसक्यूएलचा डेटाबेस आहे. वापरकर्ते आता बहुतेक युरोपातले आहेत. म्हणून वेस्ट युरोपमध्ये नवा रिसोर्स ग्रुप केलात आणि ॲप व प्लॅन (ॲप ज्या मशीनवर चालतं ते) दोन्ही तिकडे 'मूव्ह' केलेत. पोर्टलने काम झाल्याचं सांगितलं, पण ॲपचं लोकेशन अजून ईस्ट यूएसच दिसतंय आणि वेगात काडीचाही फरक नाही. मग वेस्ट युरोपमध्ये नवा प्लॅन तयार करून ॲप त्याच्यावर टाकायला गेलात, तर यादीत तो प्लॅनच नाही. कुठे चुकलं?

तुम्ही केलेल्या पायऱ्यांत चूक नाही. गफलत 'मूव्ह' या शब्दात आहे. ॲझ्युअरमध्ये हे बटण फक्त रिसोर्सचा हिशोब एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकतं. रिसोर्स ग्रुप ही एकत्र ठेवायची, एकत्र परवानग्या द्यायची आणि एकत्र पुसायची सोय आहे. ग्रुप तयार करताना रिजन विचारतात, ते त्या ग्रुपची माहिती कुठे साठवायची एवढ्यापुरतं. आतले रिसोर्स जगात कुठेही असू शकतात. त्यामुळे वेस्ट युरोपच्या ग्रुपमध्ये ईस्ट यूएसचं ॲप ही पूर्णपणे वैध अवस्था आहे, फक्त तुम्हाला ती नको आहे. शिवाय तिचा एक छोटा तोटाही आहे: ग्रुपच्या रिजनमध्ये बिघाड झाला तर ॲप चालू राहील, पण त्याच्या सेटिंग्ज बदलता येणार नाहीत. म्हणजे सध्या तुमचा कारभार दोन रिजनच्या तब्येतीवर अवलंबून आहे.

यादीत प्लॅन का दिसत नाही, त्याचं कारण जरा खोल आहे. वेब ॲपला स्वतःचं रिजन नसतं, ते त्याच्या प्लॅनचं असतं. प्लॅन म्हणजे प्रत्यक्ष मशीन. तुम्ही प्लॅन तयार करता तेव्हा ॲझ्युअर त्याला एका 'वेबस्पेस'मध्ये बसवतं, आणि ही वेबस्पेस ठरते प्लॅन तयार झाला तेव्हाचा रिसोर्स ग्रुप आणि रिजन या जोडीवरून. ॲप फक्त आपल्याच वेबस्पेसमधल्या प्लॅनवर जाऊ शकतं. वेस्ट युरोपचा प्लॅन वेगळ्या रिजनमध्ये आहे, तेव्हा तो दिसणारच नाही. गंमत पुढे आहे. उद्या तुम्ही याच नव्या ग्रुपमध्ये ईस्ट यूएसचा दुसरा प्लॅन केलात, तरी तोही दिसेल याची खात्री नाही, कारण ग्रुप बदलला तरी ॲपची वेबस्पेस जुन्या ग्रुपचीच राहते. प्लॅनच्या जेसनमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या मजकुरात, वेबस्पेस नावाचं फील्ड असतं, त्यात मूळ ग्रुप आणि रिजनचं नाव जोडून लिहिलेलं सापडेल. 'प्लॅन दिसत नाही' अशी तक्रार आली की मी आधी तेच उघडून बघतो.

तेव्हा खरा प्रश्न 'मूव्ह कसं करायचं' हा नाहीच. रिजन बदलणं म्हणजे नव्या जागी दुसरं ॲप उभं करणं, डेटा तिकडे नेणं, लोकांना तिकडे वळवणं आणि मग जुनं पाडणं. ॲझ्युअरचीच ही रीत आहे असं नाही. गूगल क्लाउडच्या ॲप इंजिनमध्ये तर एकदा निवडलेलं रिजन त्या प्रोजेक्टपुरतं कायमचं असतं.

ग्रुप बदलण्याबद्दल दोन शब्द सांगतो, कारण तुम्ही ते आधीच केलंय आणि त्याचे काही चटके नंतर बसतात. मूव्ह चालू असताना ॲप बंद पडत नाही, पण दोन्ही ग्रुपवर कुलूप लागतं: काही नवं करता येत नाही, बदलता येत नाही, पुसता येत नाही. सहसा हे लवकर उरकतं, पण गर्दीच्या वेळी, ऑटोस्केलच्या (गर्दीनुसार मशीन आपोआप वाढवण्याच्या) भरवशावर, हा उद्योग मी करत नाही. मूव्ह झाल्यावर रिसोर्सचा आयडी बदलतो, कारण त्यात ग्रुपचं नाव असतं. अलर्ट, डॅशबोर्ड, डिप्लॉयमेंट पाइपलाइन, रात्री चालणाऱ्या स्क्रिप्ट, ज्यांनी ज्यांनी जुना आयडी लिहून ठेवलाय ते सगळे आता रिकाम्या जागेकडे बोट दाखवत असतील. अलर्टचं विशेष वाईट. ते मोडले तर ओरडत नाहीत, गप्प बसतात. आणि रिसोर्सवर थेट दिलेले रोल मूव्हबरोबर येत नाहीत, ते अनाथ होतात आणि पुन्हा द्यावे लागतात. एवढं आज तपासून घ्या.

सबस्क्रिप्शनही (ॲझ्युअरचं बिलाचं खातं) बदलायचं असेल तर नियम आणखी कडक होतात. ज्या ग्रुपमध्ये जायचंय तिथे आधीपासून ॲप सर्व्हिसचं काही असून चालत नाही, जुन्या ग्रुपमधलं सगळं एकदम उचलावं लागतं, आणि ॲप ज्या ग्रुपमध्ये जन्मलं तिथूनच निघू शकतं. तुमच्यासारखं मध्येच ग्रुप बदललेलं असेल तर आधी परत मूळ ग्रुपमध्ये न्यावं लागतं. तुमच्या प्रश्नात हे नाही, म्हणून इथेच सोडतो.

आता रिजन. सगळ्यात आधी एक हिशोब करा, कारण यावर पुढचा सगळा क्रम ठरतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2,00,000 किलोमीटर जातो. व्हर्जिनिया (ईस्ट यूएस) ते नेदरलँड्स (वेस्ट युरोप) हे अंतर 6000 किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणजे जाऊन येऊन किमान 60 मिलिसेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्त. ॲप युरोपात नेलं आणि डेटाबेस अमेरिकेत राहिला, आणि एक पान उघडायला ॲप एकामागून एक 40 क्वेऱ्या करत असेल, तर नुसत्या प्रवासात अडीच सेकंद गेले. आज वापरकर्ता आणि ॲप यांच्यात जो समुद्र आहे तो तुम्ही ॲप आणि डेटाबेस यांच्यात आणून ठेवलात, आणि तो दर पानाला 40 वेळा ओलांडायला लावलात. ॲप आणि डेटाबेस एकत्र हलले तरच हलवण्यात अर्थ आहे. डेटाबेस हलवणं शक्य नसेल, तर ॲपही आहे तिथेच ठेवा आणि पुढे फ्रंट डोअरसारखं (वापरकर्त्यांजवळ राहून ॲपची रहदारी झेलणारी ॲझ्युअरची सेवा) काही लावून स्थिर फाइली वापरकर्त्यांजवळ न्या. तेवढ्याने भागतं का हे आधी मोजा. बऱ्याचदा भागतं.

समजा हलवायचंच ठरलं. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत: अर्धा तास ॲप बंद ठेवणं चालेल का, डेटाबेस केवढा आहे, आणि तुमची सगळी मांडणी बायसेप किंवा टेराफॉर्ममध्ये (मांडणी कोड म्हणून लिहायची साधनं) लिहिलेली आहे की पोर्टलवर क्लिक करत करत वाढली आहे. रात्री सगळं बंद ठेवता येत असेल तर पुढचं निम्मं सोपं होतं. मी ते चालत नाही असं धरून लिहितोय.

नवं ॲप उभं करायला तीन रस्ते आहेत. पोर्टलवर 'क्लोन ॲप' आहे, त्याला स्टँडर्ड किंवा वरचा टियर लागतो. बॅकअप घेऊन नव्या ॲपवर रिस्टोअर करता येतो, त्याला 10 जीबीची मर्यादा आहे आणि त्यात डेटाबेसचा वाटा 4 जीबीपर्यंतच. तिसरा रस्ता म्हणजे कोडमधून नव्याने डिप्लॉय. मी तिसराच धरतो. क्लोन बघायला छान वाटतो, पण ऑटोस्केलचे नियम, बॅकअपचं वेळापत्रक, व्हीनेट (खासगी नेटवर्क) जोडणी, लॉगिनची ऑथेंटिकेशन सेटिंग यांतलं काही तो आणत नाही, आणि काय राहिलं ते सांगतही नाही. नव्याने डिप्लॉय करताना निदान जे राहिलं ते लगेच फुटतं. मांडणी कुठेच लिहिलेली नसेल तर जुन्या ग्रुपचं टेम्प्लेट एक्सपोर्ट करून ते माणसाच्या नजरेने साफ करा. दोन दिवस जातील. हे दोन दिवस तुम्ही कधी ना कधी देणारच होतात.

नव्या ॲपचा ॲझ्युअरने दिलेला पत्ताही नवा असेल. ॲझ्युअरवेबसाइट्स डॉट नेटचा एक पत्ता जगभरात एकाच ॲपकडे असू शकतो आणि तुमचा पत्ता जुन्या ॲपकडे आहे. कुणी मोबाइल ॲपमध्ये किंवा वेबहुकमध्ये (दुसरी प्रणाली तुमच्या ॲपला आपोआप निरोप देते ती जोडणी) स्वतःच्या डोमेनऐवजी हा पत्ता लिहून ठेवला असेल तर ते आत्ताच शोधा.

डेटाबेससाठी फेलओव्हर ग्रुप वापरा, म्हणजे दुसऱ्या रिजनमध्ये प्रत ठेवून हवं तेव्हा काम तिच्याकडे वळवायची सोय. वेस्ट युरोपमध्ये दुसरा सर्व्हर करायचा, ग्रुपमध्ये डेटाबेस टाकायचा, की प्रत तयार होऊन सतत ताजी राहते. खरा फायदा ग्रुपच्या लिसनर पत्त्याचा. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (ॲपच्या सेटिंगमधला डेटाबेसचा पत्ता) सर्व्हरऐवजी लिसनर लिहिला की प्रायमरी, म्हणजे मुख्य प्रत, कुठेही असो, पत्ता तोच राहतो. जुन्या आणि नव्या, दोन्ही ॲपमध्ये लिसनरच लिहा, आणि हा बदल जुन्या ॲपवर निदान आठवडाभर आधी करून निवांत चालू द्या. एक खड्डा मात्र आहे. सर्व्हर पातळीवरचे फायरवॉल नियम आणि मास्टर डेटाबेसमधले लॉगिन दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप जात नाहीत. डेटाबेसच्या आतले कंटेन्ड युजर जातात. ॲप मॅनेज्ड आयडेंटिटीने (पासवर्डऐवजी ॲझ्युअरने ॲपला दिलेली ओळख) जोडलं असेल तर नव्या ॲपची ओळखही नवी असते, म्हणून डेटाबेसमध्ये तिच्यासाठी वेगळा युजर लागतो. की व्हॉल्ट (गुपितं ठेवायची तिजोरी), स्टोरेज, क्यू या सगळ्यांवरचे रोलही तिला नव्याने द्यावे लागतात. शक्य असेल तर या निमित्ताने यूजर-असाइन्ड आयडेंटिटीवर या. ती ॲपपासून स्वतंत्र असते, आणि पुढच्या वेळी एवढी धावपळ होत नाही.

वापरकर्त्यांनी अपलोड केलेल्या फाइली ॲपच्या होम फोल्डरमध्ये साठत असतील तर आधी त्या ब्लॉब स्टोरेजमध्ये (फाइली साठवायची ॲझ्युअरची वेगळी सेवा) हलवा आणि हे वेगळं काम माना. स्थलांतराच्या रात्री दोन्हीकडे फाइली येत असताना त्या जुळवत बसणं मी एकदा केलंय, परत करणार नाही. त्याच होम फोल्डरमध्ये आणखी एक न दिसणारी वस्तू असते: ॲप एएसपी डॉट नेट कोअरवर लिहिलेलं असेल तर डेटा प्रोटेक्शनच्या, म्हणजे लॉगिनच्या कुकी कुलूपबंद करणाऱ्या, किल्ल्या तिथे राहतात. नव्या ॲपच्या किल्ल्या वेगळ्या, म्हणजे जुन्या कुकी उघडणार नाहीत आणि वळवल्याक्षणी सगळे लॉगआउट. किल्ल्या ब्लॉबमध्ये सामायिक ठेवल्या आणि दोन्ही ॲपना ॲप्लिकेशनचं नाव तेच दिलं की हे टळतं.

बाहेर जाणारे आयपी पत्तेही बदलतात. पेमेंट गेटवे किंवा कुणा भागीदार कंपनीने तुमचे पत्ते त्यांच्या फायरवॉलमध्ये घातले असतील, तर नव्या ॲपच्या प्रॉपर्टीजमधली संभाव्य पत्त्यांची पूर्ण यादी त्यांना आधीच पाठवा. ही यादी सध्या वापरात असलेल्या पत्त्यांपेक्षा मोठी असते, आणि मोठीच पाठवायची. आमच्या एका कामात सगळं तांत्रिक काम चार दिवसांत झालं आणि समोरच्या कंपनीने यादी घालायला तीन आठवडे घेतले. त्यानंतर मी पहिला ईमेल हाच पाठवतो, बाकीचं नंतर. अशा कंपन्यांसाठी नॅट गेटवे लावून एकच पक्का पत्ता घेतला तर पुन्हा हा प्रसंग येत नाही.

आता डोमेन आणि सर्टिफिकेट. लोक इथेच सगळ्यात जास्त घाबरतात, पण हे काम आधीपासून शांतपणे करता येतं. डीएनएसमध्ये (डोमेन कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते सांगणारी नोंद) डोमेनच्या नावापुढे एएसयूआयडी लावून एक टीएक्सटी रेकॉर्ड घालायचा, त्यात ॲपचा पडताळणी आयडी. मग खरी वाहतूक जुन्या ॲपकडे जात असतानाच तेच डोमेन नव्या ॲपवर जोडता येतं. अडतं ते फुकटच्या मॅनेज्ड सर्टिफिकेटपाशी. ते बाहेर काढता येत नाही, आणि नव्या ॲपला ते मिळायला डोमेन आधी त्या ॲपकडे वळलेलं असावं लागतं. म्हणजे वळवल्यानंतर काही वेळ ब्राउझर लाल पान दाखवणार. यावर उपाय म्हणजे या बदलापुरतं तरी स्वतःचं पीएफएक्स (खासगी किल्लीसकट फाइल) सर्टिफिकेट की व्हॉल्टमध्ये ठेवून नव्या ॲपला लावणं. नंतर हवं तर मॅनेज्डवर परत या. पुढे फ्रंट डोअर असेल तर डोमेन आणि सर्टिफिकेट दोन्ही त्याच्याकडेच असतात, आणि तुम्हाला फक्त मागचं ओरिजिन, म्हणजे ते कुठल्या ॲपकडे पाठवतं ते, बदलायचं असतं.

सगळं जोडून झालं की स्वतःच्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये तुमच्या डोमेनपुढे नव्या ॲपचा आयपी लिहा आणि ब्राउझरमधून खरं ॲप वापरून बघा. लॉगिन, पेमेंट, फाइल अपलोड, पासवर्ड रिसेटचा ईमेल. डेटाबेस अजून अमेरिकेत असल्यामुळे ते हळू चालेल, ते सोडून द्या. चुका शोधायच्यात, वेग नाही.

एक गोष्ट मी या टप्प्यावर विसरलो होतो, ती सांगतो. नवं ॲप चाचणीसाठी चालू केलं की त्याच्यातले वेबजॉब (पार्श्वभूमीला चालणारी कामं) आणि टायमरही चालू होतात, आणि ते खऱ्या डेटाबेसला जोडलेले असतात. आमच्या एका ग्राहकाच्या वापरकर्त्यांना त्या सकाळी आठवणीचा प्रत्येक ईमेल दोनदा गेला. सुदैवाने ईमेलच होते, बिलं नव्हती. तेव्हापासून प्रत्येक पार्श्वभूमीच्या कामाला सेटिंगमध्ये एक चालू-बंदचा खटका असतो आणि नव्या ॲपवर तो बंद अवस्थेतच जातो. (लोक विचारतात म्हणून सांगतो, रिजन बदलल्याने टायमरची वेळ बदलत नाही. ॲप सर्व्हिसची घड्याळं मुळात सगळीकडे यूटीसीवरच असतात.)

प्रत्यक्ष वळवण्याचा क्रम मी असा ठेवतो. एक-दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (उत्तर किती वेळ धरून ठेवायचं ती मुदत) 300 सेकंदांवर आणायचा. जुना टीटीएल एका दिवसाचा असेल तर बदल निदान एक दिवस आधी झालेला हवा, नाहीतर उपयोग शून्य. ठरल्या वेळी जुन्या ॲपवरची पार्श्वभूमीची कामं थांबवायची. मग डेटाबेसचा नियोजित फेलओव्हर. यात आधी दोन्ही प्रती पूर्ण जुळवल्या जातात आणि मगच भूमिका बदलतात, त्यामुळे डेटा जात नाही. 'फोर्स्ड' असं लिहिलेल्या पर्यायाला हात लावू नका, तो आपत्तीसाठी आहे. चालू कनेक्शन तुटतात, म्हणून कोडमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याची सोय असायला हवी. फेलओव्हर झाला की लगेच डीएनएस नव्या ॲपकडे, आणि शेवटी नव्या ॲपवरची पार्श्वभूमीची कामं चालू.

या क्रमातली मला आवडणारी गोष्ट अशी की मधल्या काळात काही लोक जुन्या ॲपवर आणि काही नव्या ॲपवर असतात, तरी डेटाबेस एकच असतो. जुन्या ॲपवर अडकलेल्यांना लिसनर युरोपातच नेतो. त्यांना हळू वाटेल, पण चुकीचं काही दिसणार नाही आणि डेटाच्या दोन शाखा होणार नाहीत. परत फिरायची वेळ आली तरी हाच क्रम उलटा करायचा. डेटाबेसची हाताने प्रत काढून नव्या ॲपला जोडणाऱ्यांना ही सोय नसते. तिकडे पहिली ऑर्डर नोंदली गेली की परतीचा रस्ता बंद.

टीटीएल उलटून गेल्यावरही जुन्या ॲपवर थोडी रहदारी दिसत राहील. काही प्रणाली डीएनएसचं उत्तर हवं तितका वेळ धरून बसतात. मी निदान आठवडाभर जुनं ॲप चालू ठेवतो आणि त्याचे लॉग बघून उरलेले कोण आहेत ते शोधतो. बहुतेक वेळा एखादी विसरलेली वेबहुक किंवा जुन्या नावाने ठोकलेला मॉनिटर निघतो. ॲप्लिकेशन इन्साइट्सचा (ॲपवर नजर ठेवणारी सेवा) जुना इतिहास जुन्याच रिजनमध्ये राहतो, नव्यात येत नाही, हे व्यवस्थापनाला आलेख दाखवायच्या आधी सांगून ठेवा.

मग पाडणं. ॲप थांबवलं म्हणून बिल थांबत नाही. पैसे प्लॅनचे लागतात, त्यावर एकही ॲप नसलं तरी. म्हणून शेवटी प्लॅन पुसायचा. ॲप पुसल्यावर 30 दिवसांपर्यंत ते परत आणता येतं, तेवढा दिलासा आहे. फेलओव्हर ग्रुप मात्र घाईने काढू नका: तो काढला की लिसनर पत्ताही जातो, आणि तुमचं नवं ॲप त्याच पत्त्यावर जोडलेलं आहे. आधी कनेक्शन स्ट्रिंग नव्या सर्व्हरवर आणा, मग ग्रुप काढा, मग अमेरिकेतली प्रत.

तुमच्या आत्ताच्या अडकलेल्या अवस्थेबद्दल: ॲप परत जुन्या ग्रुपमध्ये न्यायची गरज नाही, सबस्क्रिप्शन बदलणार असाल तरच तो खटाटोप. ते आहे तिथे राहू द्या, अलर्ट आणि रोल नीट करा आणि नवं ॲप व प्लॅन एका स्वच्छ तिसऱ्या ग्रुपमध्ये उभे करा. जुन्या-नव्याची सरमिसळ झालेला ग्रुप महिन्याभराने पुसायची वेळ आली की यातलं चालू कुठलं आणि मेलेलं कुठलं, यावर अर्धा दिवस जातो. नवा ग्रुप वेगळा असेल तर जुना एका क्लिकमध्ये जाईल. तो पुसण्याआधी डेटाबेसची अमेरिकेतली प्रत आणि की व्हॉल्ट त्यात नाहीत ना, एवढं मात्र एकदा उघडून बघा.